ब्लॅकजॅकवरून नवा पत्त्यांचा खेळ बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला संख्याशास्त्र शिकवतो. संभाव्यता शिकवायची तर पत्त्यांइतकं चांगलं साधन नाही, म्हणून वर्गात कॅट असतोच. त्यातूनच काही मुलांना ब्लॅकजॅकवर आधारलेला स्वतःचा खेळ बसवायचा नाद लागला. आता नांदेड, परभणी, संभाजीनगरहूनही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. नियम कुणालाही सुचतो. त्या नियमाची किंमत काढून ती दुसऱ्या नियमाने चुकती करता येणं, यालाच मी खेळ बसवणं म्हणतो.

आम्हाला रमी येते, तिर्रट (तीन पत्ती) माहीत आहे. ब्लॅकजॅक वेगळा कसा?

रमीत आणि तिर्रटमध्ये खेळणारे एकमेकांशी भिडतात. पैसा त्यांच्यातच फिरतो आणि जागावाला आपलं कमिशन काढतो. ब्लॅकजॅकमध्ये टेबलावर सात जण बसले तरी प्रत्येकाचा सामना एकट्या डीलरशी, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याशी असतो. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे १०, एक्क्याचा १ किंवा ११, बाकी पत्त्यांवर असेल तेवढे. बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. ओलांडली की फुटलात. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला तर तो ब्लॅकजॅक, त्याला दीडपट मिळतात. दोन पत्त्यांवर पैज दुप्पट करता येते, जोडी आली तर ती फोडून दोन डाव करता येतात.

डीलरचा एक पत्ता उघडा असतो, एक झाकलेला. त्याला स्वतःचं डोकं चालवायची मुभाच नसते. १६ किंवा कमी असेल तर पत्ता घ्यायचा, १७ झाले की थांबायचं. डीलर असा नियमाने बांधलेला असल्यामुळेच हा खेळ शेवटच्या पैशापर्यंत मोजता येतो. तुमच्या नव्या खेळात डीलरला निवड करायला लावू नका. नवशिके हटकून तिथेच हात घालतात.

डीलर इतका बांधलेला असताना कॅसिनो कमावतं कुठून?

खेळाडूला आधी खेळावं लागतं, कमाई तिथून होते. तुम्ही फुटलात की तुमची पैज लगेच उचलली जाते. नंतर डीलरही फुटला तरी ती परत मिळत नाही.

समजा, तुम्ही डोळे झाकून डीलरसारखंच खेळलात, १७ ला थांबलात. डीलर साधारण २८ टक्के डावांत फुटतो, मग तुम्हीही तेवढेच फुटणार. दोघंही फुटण्याची शक्यता २८ टक्क्यांचे २८ टक्के, म्हणजे जवळपास ८ टक्के. हे सगळे डाव कॅसिनोकडे जातात. ब्लॅकजॅकला दीडपट मिळते, त्यातून सव्वादोन टक्क्यांच्या आसपास तुमच्याकडे परत येतात. उरतात साडेपाच टक्के. याला हाउस एज म्हणतात, म्हणजे दर शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरीने कॅसिनोकडे राहणारी रक्कम.

पण खेळाडू डीलरसारखा बांधलेला नाही. डीलरचा पाच किंवा सहा उघडा असेल तर तो सुमारे ४२ टक्के वेळा फुटतो, अशा वेळी तुम्ही १३ वरही थांबू शकता. योग्य जागी दुप्पट करणं, योग्य जोडी फोडणं हे सगळं जमलं आणि नियम बरे असले, तर ते साडेपाच टक्के जवळजवळ अर्ध्या टक्क्यावर येतात. १९५६ साली अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून ही खेळण्याची पद्धत पहिल्यांदा नीट मांडली. अर्धा टक्का ही फार अरुंद वाट आहे. तुमचा प्रत्येक नवा नियम याच वाटेवर उभा राहणार आहे.

नवा नियम सुचवायला सुरुवात कुठून करू?

खेळाडूला काय द्यायचं ते आधी ठरवा. त्याने खुर्चीत पुढे सरकावं असं काहीतरी हवं. मग त्याची किंमत कुठून वसूल करायची ते ठरवा. जे टिकले, त्या खेळांची घडण अशीच दिसते.

ब्लॅकजॅक स्विच हा जेफ हॉल यांचा खेळ मला सगळ्यात सुबक वाटतो. खेळाडू दोन सारख्या पैजा लावून दोन डाव घेतो आणि दोन्हींतले वरचे पत्ते आपसात बदलू शकतो. पहिल्या डावात दश्शी आणि पंजी आहे, म्हणजे १५. दुसऱ्यात छक्की आणि राजा, म्हणजे १६. दोन्ही रडके डाव. आता पंजी आणि राजा यांची अदलाबदल करा. एकीकडे दश्शी-राजा, वीस. दुसरीकडे छक्की-पंजी, अकरा, म्हणजे दुप्पट करायला एकदम तयार. मुलांना हे पहिल्यांदा दाखवलं की हात आपोआप पत्त्यांकडे जातात. एवढं मोठं दान द्यायचं तर किंमतही मोठी हवी. म्हणून डीलर नेमका २२ वर फुटला तर तुमचा डाव बरोबरीत सुटतो, तुम्ही जिंकत नाही. शिवाय ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी पैजेइतकेच पैसे. डीलरचे २२ साधारण ७ टक्के डावांत येतात, त्यामुळे ही वसुली मोठी आहे. तरी खेळाडूला ती बोचत नाही, कारण त्यात त्याचं पदरचं काही जात नाही.

डबल एक्स्पोजरमध्ये डीलरचे दोन्ही पत्ते उघडे असतात. त्याबदल्यात बरोबरी झाली की डाव डीलरचा, आणि ब्लॅकजॅकला पैजेइतकेच पैसे. स्पॅनिश २१ मध्ये उलटा प्रवास आहे, आधी काढून घेतलंय आणि मग दिलंय. कॅटमधल्या चारही दश्श्या काढून टाकतात, ४८ पत्ते उरतात. एवढ्यानेच खेळाडूचं सुमारे दोन टक्के नुकसान होतं. मग भरपाई म्हणून खेळाडूचे २१ नेहमी जिंकतात, कितीही पत्ते घेतल्यावर दुप्पट करता येते, पाच-सहा-सात पत्त्यांत २१ केले तर जादा मिळतात.

तुमच्या वहीत दोन रकाने आखा. एकात दान, दुसऱ्यात वसुली. दुसरा रकाना रिकामा असेल तर खेळ कागदावरच राहू द्या.

वसुली कुठली चांगली आणि कुठली वाईट?

उघडपणे सांगता येते ती चांगली. ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी पाचास सहा देणारी टेबलं आता पुष्कळ दिसतात. शंभराच्या पैजेवर दीडशेऐवजी एकशेवीस. ऐकायला किरकोळ, पण ब्लॅकजॅक शंभरात जवळपास पाच वेळा येतो आणि दर वेळी तीस रुपये कमी मिळतात. हाउस एज सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा जवळपास चौपट होतो. आणि त्या बदल्यात खेळाडूच्या हाती काहीच नवं येत नाही. अशी वसुली करून कुणी त्याला नवा खेळ म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही.

एखादा छोटासा बोनस ठेवला तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडू शकतं. वर्गात हमखास येणारी सूचना घ्या: पहिल्या दोन पत्त्यांत इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा गुलाम आला तर दहापट द्यायचे. मुलं म्हणतात, "सर, हे येतंय कुठं सारखं?" खरंच, क्वचितच येतं. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांतली ही एक. पण या जोडीला आधी दीडपट मिळतच होते, आता दहापट. फरक साडेआठ. साडेआठला १,३२६ ने भागलं की ०.६४ टक्के येतात. कॅसिनोचा अख्खा अर्धा टक्का या एका जोडीने खाल्ला आणि वर आणखी मागितला.

फळ्यावर हा भागाकार झाला की वर्ग शांत होतो. बोनस जरूर ठेवा, पण किती वेळा येईल आणि नेहमीपेक्षा किती जास्त मिळतील, या दोहोंचा गुणाकार केल्याशिवाय ठेवू नका.

साइड बेट, म्हणजे मुख्य पैजेशेजारची वेगळी पैज, घालू का?

घाला, पण किती कॅट वापरणार ते आधी पक्कं करा. साधी साइड बेट घेऊ: पहिले दोन पत्ते सारख्या नंबराचे, म्हणजे सत्ती-सत्ती किंवा राणी-राणी आले तर पंधरापट. एकाच कॅटमध्ये पहिला पत्ता काहीही आला तरी उरलेल्या ५१ त तसे तीनच असतात. शक्यता सतरात एक. पंधरापटीला कॅसिनोचा वाटा ५.८८ टक्के पडतो. साइड बेटच्या मानाने हे फारच माफक.

आता हाच नियम सहा कॅटच्या टेबलावर नेऊ. पहिल्या पत्त्यानंतर उरतात ३११, त्यांत त्याच नंबराचे २३. शक्यता ७.४ टक्क्यांवर गेली. त्याच पंधरापटीवर आता खेळाडू दर शंभराला सरासरी अठरा रुपये कमावतो. नियम तोच, शब्द तेच, फक्त कॅट वाढले आणि टेबल बुडालं. सहा कॅटला अकरापट ठेवली तर वाटा ११.२५ टक्के होतो. म्हणून देयकांचा तक्ता आणि कॅटची संख्या एकाच कागदावर, एकमेकांशेजारी लिहायची.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. हिशेब कसा करू?

स्प्रेडशीट पुरते. सुरुवातीला कॅट अमर्याद आहेत असं धरा. दर वेळी दहाचा पत्ता येण्याची शक्यता तेरात चार, बाकी प्रत्येक नंबराची तेरात एक.

आधी डीलरचा तक्ता. वरच्या बेरजेपासून खाली या. १७ ते २१ ला डीलर थांबतो, तिथे काही करायचं नाही. १६ वर असताना एक पत्ता घेतल्यावर तो कुठे जाईल ते लिहा. मग १५, मग १४, असं करत दोनपर्यंत. एक्का ११ धरलेल्या बेरजांसाठी वेगळा रकाना लागेल. तक्ता पुरा झाल्यावर डीलर एकूण किती वेळा फुटतो ते बघा. २८ टक्क्यांच्या आसपास आलं नाही तर सूत्र कुठेतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

मग खेळाडूचा तक्ता, डीलरच्या प्रत्येक उघड्या पत्त्यासाठी. थांबलो तर सरासरी किती मिळतील, पत्ता घेतला तर किती, दुप्पट केली तर किती. तिन्हींतलं मोठं ते निवडा. इथेही २१ पासून खाली यायचं. तुमचा नवा नियम याच तक्त्यात बसवा आणि आकडा किती हलला ते बघा.

एक सांगतो. खेळाडू सगळ्यात हुशारीने खेळेल असं धरूनच हिशेब करा. तुम्ही स्वतः जसे खेळता तसा हिशेब केलात तर कॅसिनोचा वाटा फुगलेला दिसेल, आणि पहिला हुशार खेळाडू येऊन तो फुगा फोडेल.

संगणकावर डाव खेळवून पाहिले तर किती खेळवावे?

दहा लाख डाव म्हणजे खूप, असं वाटतं. ब्लॅकजॅकमध्ये एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती लांब पडतात त्याचं माप, साधारण १.१५ पैज असतं. दहा लाख डावांनंतरही उत्तरात पाव टक्क्याच्या जवळपास इकडेतिकडे होऊ शकतं. तुम्ही मोजताय अर्धा टक्का! दहा कोटी डाव खेळवले की ही चूक ०.०२३ टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा आकड्यावर विसंबता येतं. साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवा, सकाळी उत्तर तयार असतं. शक्य असेल तर स्प्रेडशीट आणि संगणक दोन्ही वाटांनी करा. अमर्याद कॅटमुळे थोडा फरक राहील, पण दोन्ही उत्तरं एकमेकांच्या जवळ आली पाहिजेत.

माणसांवर कधी तपासायचा?

हिशेब जुळला की लगेच. आम्ही सतरंजी टाकतो आणि सगळ्यांना सारखे चिंचोके वाटतो. पैसा नको, खाऊ नको, पैजेला काहीच नको. बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, नियमांचा कागद फक्त मधे ठेवायचा.

बघायचं ते हात. पत्ता मागताना कुठे थबकतात, कागदाकडे कितीदा वळतात, दुसऱ्याला काय विचारतात. घरातलं रमी खेळणारं वडीलधारं माणूस असेल तर त्याला नक्की बसवा. माझ्या आत्याबाई वर्षानुवर्षं रमी खेळतात. एका मुलाने चार ओळींचा अदलाबदलीचा नियम ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, बोलायलास तर लई, पण मी पत्ता घेऊ का नको, तेवढं सांग." त्या नियमाच्या पुढे दोन ओळी झाल्या आणि तो दुप्पट चांगला झाला. नियम दोन वाक्यांत मावत नसेल तर छाटा.

डीलरच्या कामाचा विचार करावा लागतो का?

लागतो, आणि बहुतेक जण हे विसरतात. कॅसिनो तासाचा हिशेब करतं. पाचशेची पैज, तासाला ६० डाव, अर्धा टक्का वाटा, म्हणजे एका खेळाडूमागे तासाला सरासरी दीडशे रुपये. तुमच्या सुंदर नियमामुळे डाव ४५ वर आले तर एकशे साडेबारा रुपये. म्हणून स्वतः डीलर होऊन वाटून बघा. पैसे देताना मनात अवघड गुणाकार करावा लागतो का? पत्ते उचलायचा क्रम एकच आहे का? खेळाडूचा हात पत्त्यांना लागतो का?

पत्ते मोजणाऱ्यांचं काय?

एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये पुस्तक लिहून जगाला दाखवलं, की गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर पारडं खेळाडूकडे झुकवता येतं. मोठे पत्ते आणि एक्के उरले की खेळाडूचा फायदा; पंज्या संपल्या की तर फारच. तुमच्या नव्या नियमात कुठला पत्ता मोलाचा झालाय ते शोधा आणि ते सगळे निघून गेल्यावर काय होतं ते तपासा. इस्पिकच्या एक्क्यावर आधारलेला बोनस एका कॅटच्या टेबलावर, एक्का गेल्यानंतर, उरलेल्या पत्त्यांपुरता मेलेलाच असतो.

लातूर, बीड, जालन्यात हा खेळ पैसे लावून खेळवता येईल का?

नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. छाप्यांच्या बातम्यांत कलम ४, ५ आणि १२ (अ) वाचता ती याच कायद्यातली. १९७६ साली राज्याने कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. देशात गोव्यात आणि सिक्कीममध्ये परवानगी आहे. गोव्यात माणूस पत्ते वाटतो अशी टेबलं मांडवीतल्या जहाजांवर.

"रमीला कोर्टाने सोडलंय की" असं हमखास विचारतात. १९६७ चा तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याला जवळचा आहे. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचं होतं आणि कायदा होता निजामाच्या राजवटीतला, फसली या महसुली सनाच्या १३०५ सालचा हैदराबाद जुगार कायदा. तो कायदा झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्याच संस्थानात होता. न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा मानला आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवलं. ब्लॅकजॅकला रमीसारखं संरक्षण आपोआप मिळेल असं अजिबात धरू नका.

पत्त्यांच्या पैजेत आपल्याकडे काय काय गेलंय हे गावागावाला ठाऊक आहे. तुम्ही खेळाचं गणित शिका, कागद तयार करा, परवानगी असलेल्या ठिकाणी तो दाखवा. गावात चिंचोकेच.

मग मोबाइल अॅप काढू?

पैशाचं नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा बचाव तिथे उरत नाही. जिंकण्याच्या आशेवर पैसे मोजून घेतलेली नाणी किंवा टोकनंही पैजच धरली जातात. शिकवण्यासाठी फुकट, काही न जिंकता खेळायचं अॅप ही वेगळी गोष्ट आहे.

पेटंट मिळेल का?

भारतात खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. १९७० च्या कायद्याचं कलम ३ (एम) स्पष्ट आहे. अमेरिकेत पूर्वी पुष्कळ मिळाली, पण २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ब्लॅकजॅकवरच आधारलेल्या एका नव्या खेळाचा अर्ज अमूर्त कल्पना म्हणून नाकारला. तुमच्या हातात राहतं ते नावाचं ट्रेडमार्क, आणि नियमपत्रिकेच्या मजकुरावरचा व टेबलाच्या चित्रावरचा कॉपीराइट.

खेळाला मराठवाड्याचा रंग देता येईल का?

का नाही? पैठणीच्या काठाची वेलबुट्टी, हिमरूची नक्षी, बिदरी कामाचं काळं-रुपेरी, यांतलं काहीही टेबलाच्या कापडावर शोभेल. वेरूळचं २१ क्रमांकाचं लेणं, रामेश्वर, तिथे शिव-पार्वती फासे खेळतानाचं शिल्प आहे. २१ आकडा जुळल्यामुळे मुलांना ते टेबलावर हवं असतं. माझं मत विरुद्ध आहे. ज्या चित्रापुढे लोक हात जोडतात, त्यावर पैजेच्या चकत्या (चिपा) ठेवायला लावू नका.

कॅसिनोपर्यंत पोचायचं कसं?

एक पानाची नियमपत्रिका, देयकांचा तक्ता, डीलरने काय कुठल्या क्रमाने करायचं त्याचा कागद, टेबलाचं चित्र आणि गणिताचा अहवाल. शेवटचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा लागतो. जीएलआय आणि बीएमएम ही त्यांतली मोठी नावं. अमेरिकेतल्या नेवाडासारख्या ठिकाणी नियामक आधी प्रत्यक्ष टेबलावर चाचणी घ्यायला लावतो. खेळ स्वीकारला गेला तर कॅसिनो सहसा टेबलामागे महिन्याचं भाडं देतं. प्रयोगशाळेचा खर्च मोठा असतो, म्हणून आपला हिशेब पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

माझ्यासारखाच खेळ आधी कुणी काढलेला निघाला तर?

निघण्याची शक्यता बरीच आहे. गूगल पेटंट्सवर फुकट शोधता येतं, पण नावाने शोधू नका, नियमाने शोधा. सापडला म्हणून काम संपत नाही. डीलरचे २२ म्हणजे बरोबरी, ही वसुली स्विचमध्ये आहे आणि त्याच जेफ हॉल यांच्या फ्री बेट ब्लॅकजॅकमध्येही आहे. तिथे दान वेगळं आहे: ९, १०, ११ वर दुप्पट करायचे पैसे कॅसिनो घालतं आणि दहाच्या पत्त्यांची जोडी सोडून बाकीच्या जोड्या फुकट फोडता येतात. वसुली एकच, दानं दोन, आणि दोन्ही खेळ चालले. वहीतले दोन रकाने पुन्हा उघडा आणि तुमचा कुठला रकाना दुसऱ्याशी जुळतोय ते बघा. एकच जुळत असेल तर दुसऱ्यावर काम करा.